यादीतलं नाव

माझं तोंड फाटकं आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टार्निटमधल्या अर्ध्या मराठी घरांना माहीत आहे. म्हणून श्रीनिवासने नोकरीच्या त्या सरकारी फॉर्मवर रेफरी, म्हणजे ओळखीची ग्वाही देणारी, म्हणून माझं नाव दिलं तेव्हा मी त्याला बजावलं होतं, "बाबा रे, दुसरं कुणीतरी गोड बोलणारं माणूस बघ." तो हसला. म्हणाला, "यामिनीताई, तुम्ही खोटं बोलत नाही ना, म्हणून तर तुमचं नाव." मलाही बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

श्रीनिवास माझा शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक लाकडी कुंपण, आणि गेली नऊ वर्षं आमचं निम्मं बोलणं त्या कुंपणावरूनच चालतं. तासगावजवळच्या एका गावातला हा माणूस. इथे क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला आला, भाजी मार्केटमध्ये खोकी उचलली, पुढे पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, झाला, दोन हजार सतराला सिटिझन झाला. आता जहाजांवरच्या रेडिओ यंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सकाळी सहा-दहाची ट्रेन, हातात डबा, चालणं असं की मागे कुत्रं लागलंय. बायको मयूरा फार्मसीत काम करते. मुलगी अनुष्का नववीत, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत.

आणि एक सांगायचं म्हणजे, फॉर्म भरावा तर श्रीनिवासनेच. आमच्या भागात कुणाच्या आईचा व्हिसा असो, कुणाचं ओसीआय कार्ड असो, लोक कागद घेऊन त्याच्या ओट्यावर हजर. हा चष्मा कपाळावर चढवून एकेक रकाना वाचणार, अक्षर लावून भरणार, शेवटी विचारणार, "सही कुठल्या पेनने केलीत?" हे त्याच्यात वडिलांकडून आलं. वडील, म्हणजे दत्तात्रय गुरुजी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मुलं शिकवली ती शिकवलीच, पण तीस वर्षं गावाची मतदारयादीही त्यांनीच सांभाळली. दारोदार जायचं, अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायची, गेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची वगळायची. श्रीनिवास अभिमानाने सांगायचा, "अण्णांच्या यादीत एक मेलेला माणूस सापडायचा नाही."

तर झालं असं, की गेल्या वर्षी त्याच्या कंपनीला नौदलाचं मोठं काम मिळालं. जुनं काम जूनमध्ये बंद, सगळी टीम नव्या कामावर. पण त्या कामाला हात लावायचा तर सरकारी सिक्युरिटी क्लिअरन्स पाहिजे. ज्याला मिळेल तो आत, ज्याला नाही त्याला गोड शब्दांत निरोप. कोविडच्या वेळी श्रीनिवासची नोकरी गेली होती, तेव्हाचे अकरा महिने मी पाहिलेत. हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायचा. गाडी सुरू न करता. मयूरा खिडकीतून बघायची आणि मला फोन करायची. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा नको, एवढंच तिचं म्हणणं होतं.

फॉर्म म्हणजे फॉर्म नव्हता हो, आख्खं आयुष्य होतं. दहा वर्षांत कुठे राहिलात, कुठे गेलात, कुणाशी बोलता, तिकडे कोण कोण आहे. नागरिकत्वाच्या रकान्यापाशी आमचा हा तज्ज्ञ अडला. ओसीआय आहे म्हणजे आपण ड्युअल, दोन्ही देशांचे नागरिक, अशी आपल्याकडच्या कितीतरी लोकांची समजूत असते. पार्टीत छाती फुगवून सांगतात, "आमचं ड्युअल आहे." नावात सिटिझन आहे ना! मयूराने त्याला खडसावलं, "अरे, ते कार्ड म्हणजे नुसता लांब मुदतीचा व्हिसा आहे. भारताला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. इथली शपथ घेतलीस त्या दिवशी तिकडचं संपलं. पासपोर्ट परत केलास तो उगाच का?" तरी खात्रीसाठी त्याने चौकशी केली, तर कळलं की ड्युअल असलं तरी दार बंद होतं असं नाही. तुमचा जीव कुणीकडे आहे, कुणाच्या दबावाखाली येता का, आणि खरं सांगता का, हे ते बघतात. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण पुढचा एक प्रश्न होता. ऑस्ट्रेलियन झाल्यानंतर दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक म्हणून काही हक्क वापरलात का? पासपोर्ट, मतदान, सरकारी नोकरी, असं काही? श्रीनिवासने तिथे खूण केली, 'नाही'.

मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. एप्रिलमध्ये मला ईमेल आली, की श्री. अमुकतमुक यांच्याबद्दल तुम्हाला फोन येईल, साधारण या या विषयांवर विचारू. मी चहा घेऊन वाचायला बसले. परदेशाशी संबंध, परदेशाबद्दल निष्ठा, परदेशी निवडणुकीत... वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे त्याचं बोट आलं. डाव्या हाताची तर्जनी, नखावर काळी रेघ.

त्याच्या आधीच्या मे महिन्यात हा गावी गेला होता, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून. नेमकी लोकसभेची निवडणूक आली. आमच्या टार्निटच्या मराठी ग्रुपवर, दोनशे बारा माणसांच्या ग्रुपवर, ह्याने फोटो टाकला. शाळेच्या दाराशी अण्णा आणि हा, दोघांची बोटं वर. खाली लिहिलेलं, "लोकशाहीचा उत्सव, बापलेक एकत्र!" सत्तर लोकांनी अंगठे दिले होते. त्यात माझाही एक होता. मला तरी कुठे सुचलं तेव्हा, की अरे, हा मत कसं देतो?

तळपायाची आग मस्तकात गेली. कप तसाच ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली. तो झाडांना पाणी घालत होता.

"श्रीनिवास, त्या प्रश्नाला काय लिहिलंस? मतदानाच्या?"

त्याने पाइप बंद केला. "कुठल्या?"

"येड पांघरू नकोस. मला ईमेल आलीय."

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "'नाही' असं लिहिलं."

"अक्कल गहाण ठेवलीस का? जगाचे फॉर्म भरतोस आणि स्वतःच्या फॉर्मवर धडधडीत खोटं? दोनशे बारा लोकांच्या फोनमध्ये फोटो आहे तुझा!"

"फोटो काढून टाकला मी."

"माझ्या डोक्यातनं कसा काढशील?"

मग त्याने सांगितलं. मतदानाच्या दिवशी सकाळी अण्णा धोतर-सदरा घालून तयार झाले, टेबलावर दोन चिठ्ठ्या होत्या. मतदानाच्या आधी घरोघर येतात त्या, नाव आणि अनुक्रमांकाच्या. एक अण्णांची, एक श्रीनिवासची. त्याचं नाव यादीत तसंच होतं. ज्या माणसाने तीस वर्षं यादीत एक चूक राहू दिली नाही, त्याने पोराचं नाव वगळायला लावलं नव्हतं. जुनं ओळखपत्रही जपून ठेवलेलं. अण्णा एवढंच म्हणाले, "चल." केंद्रावरचे सगळे त्यांचेच विद्यार्थी. कोण विचारणार?

"मला तेव्हा खरंच वाटलं, ओसीआय आहे, चालत असेल," तो म्हणाला. "आणि ताई, ते माझा हात धरून चालले होते. डोळ्याला पट्टी. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं. मी काय नियमाचं पुस्तक काढायला हवं होतं?"

"तेव्हा नाही काढलंस ते जाऊ दे. आता फॉर्मवर का लपवलंस?"

"लिहिलं तर अण्णांवर येतं सगळं. मला कळत नव्हतं म्हणेन. त्यांना तर कळत होतं ना! आयुष्यभर लोकांना नियम शिकवले त्यांनी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गावात तोंड कसं दाखवतील?"

वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पण राग त्याहून मोठा होता. "मला फोन आला आणि विचारलं, तर मी सांगणार," मी म्हटलं. "तू नोकरी घालवशील ती मत दिलंस म्हणून नाही, खोटं बोललास म्हणून. आधी तू सांग."

"म्हणजे तुम्ही माझी नोकरी घालवणार."

"मी?"

"नऊ वर्षांची शेजारीण," असं म्हणून तो आत गेला. पाइप तसाच गवतात पडलेला. त्यानंतर आठवडाभर कुंपणापलीकडून कुणी बोललं नाही. मयूरा एकदा डबा परत द्यायला आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "तो पुन्हा गॅरेजमध्ये बसायला लागलाय, ताई." मी तिला म्हटलं, मला शिव्या दे हवं तर, पण त्याला समजाव. ती म्हणाली, "शिव्या नाही देत. मला भीती वाटते, एवढंच."

तीन मेला इथली निवडणूक होती. इथे मत दिलं नाही तर दंड, त्यामुळे सगळं टार्निट शाळेच्या मैदानात. बार्बेक्यूवर सॉसेज भाजत होते, पोरं हवा भरलेल्या जंपिंग कासलवर उड्या मारत, माणसं पावात सॉसेज घालून खात रांगेत उभी. माझ्या पुढे चार माणसं सोडून श्रीनिवास, मयूरा, अनुष्का. मला बघून त्याने मान वळवली. रांग सरकता सरकता मधली माणसं पक्षांची पत्रकं घ्यायला बाजूला गेली आणि मी त्याच्या मागेच आले. काय करता!

अनुष्का बापाकडे बघून म्हणाली, "डॅड, यू व्होटेड इन इंडिया ऑल्सो, राइट? सो यू गेट टू व्होट्स? दॅट्स नॉट फेअर."

पुढचा एक गोरा आजोबा मागे वळून हसला. पोरीला काय कळतंय म्हणून हसला असेल. पण श्रीनिवासचा चेहरा असा पडला की मलाच बघवेना. मयूराने पोरीचा दंड धरला. तेवढ्यात टेबलामागच्या बाईने त्याला बोलावलं, नाव-पत्ता विचारला, आणि नेहमीचा प्रश्न केला. या निवडणुकीत आधी मत दिलंय का? तो इतका वेळ गप्प राहिला की बाईने पुन्हा विचारलं. मग "नो" म्हणाला आणि मतपत्रिका घेऊन गेला. बाहेर आल्यावर माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "ताई, मी अण्णांना फोन करतो आज."

फोनवर काय झालं ते मला मयूराने सांगितलं, ती शेजारीच बसली होती. श्रीनिवासने सगळं सांगितलं. प्रश्न काय आहे, आपण काय लिहिलं, आता काय लिहायला लागेल. मग श्रीनिवास चिडून रडवेला झाला. "अण्णा, आईचं नाव तुम्ही महिन्याच्या आत वगळलंत. स्वतः जाऊन. माझं का नाही वगळलंत?"

अण्णा म्हणाले, "ती गेली होती. तू गेला नव्हतास."

मयूरा म्हणाली, मला तिथून उठून जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने अण्णांनीच विचारलं, त्या क्लिअरन्सची मुलाखत कधी आहे. बावीस तारखेला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

श्रीनिवासने त्या दुपारी क्लिअरन्सच्या ऑफिसला लिहून कळवलं, की माझ्या एका उत्तरात खोटं आहे, खरं असं असं आहे. पाठवलं आणि येऊन कुंपणापाशी उभा राहिला. "पाठवलं," म्हणाला. मी म्हटलं, "चहा पिणार?" तो नको म्हणाला, पण उभा राहिला.

पंधरवड्यात श्रीनिवासला अण्णांकडून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. नाव वगळण्याचा अर्ज. शाळेच्या फळ्यावरचं ते सुरेख, सरळ रेषेतलं अक्षर. अर्जदार, दत्तात्रय. ज्याचं नाव वगळायचं तो, श्रीनिवास दत्तात्रय. नातं, मुलगा. गावची यादी आता अंजू नावाची त्यांचीच एक विद्यार्थिनी सांभाळते. तिने म्हणे खूप गयावया केली, "गुरुजी, कारण स्थलांतर लिहा ना. गाव सोडलं म्हणायचं, संपलं. कुणी काही विचारणार नाही." अण्णांनी ऐकलं नाही. त्यांनी लिहिलं, 'भारताचा नागरिक नाही'. खाली आणखी एक ओळ, जिची अर्जात काही गरज नव्हती. 'हे मला माहीत होते. मागील मतदानास मीच त्यास नेले.' आणि सही, तारखेसकट.

तो फोटो श्रीनिवासने मला कुंपणावरून दाखवला. म्हणाला, "ताई, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं. मी सांगितलं नव्हतं हो!" मी म्हटलं, "बाप आहे तुझा. छापून घे, बरोबर ने."

मुलाखतीत एक मध्यमवयीन बाई होती, अगदी साधी, आवाज न चढवणारी. तिने तास-दीड तास सगळं खणून काढलं. खोटं का लिहिलंत? वडिलांना जपायला. मत का दिलंत? वडील चल म्हणाले. मग तिने शांतपणे विचारलं, "वडिलांनी उद्या दुसऱ्या कशाला चल म्हटलं तर?"

श्रीनिवास मला म्हणाला, त्या क्षणी तोंडचं पाणी पळालं. कारण खरं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्याने फोल्डरमधून तो अर्ज काढला, ओळीवर बोट ठेवून तिला वाचून दाखवला, इंग्रजीत सांगितलं. म्हणाला, "तुमचा तो फॉर्मवरचा प्रश्न मी त्यांना सांगितला. तेव्हा ते हे म्हणाले." बाईने तो कागद बराच वेळ पाहिला, अक्षर कळत नसूनही. त्याची प्रत ठेवून घेतली.

मलाही फोन आला. मला जे जे माहीत होतं ते मी सांगितलं, त्याचं खोटंसुद्धा आणि त्याने ते कबूल केलं तेसुद्धा. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही याच्यावर विश्वास ठेवाल का? मी म्हटलं, माझ्या घराची चावी त्याच्याकडे असते.

मग वाट बघणं. जून संपला, जुनं काम बंद झालं. कंपनीने त्याला तात्पुरतं ट्रेनिंगची मॅन्युअल्स लिहायला बसवलं, तेही डिसेंबरपर्यंतच. बाकीची टीम कार्ड दाखवून आतल्या मजल्यावर जायची, हा बाहेर कॉफी मशीनशेजारच्या टेबलावर. वजन उतरलं. डिसेंबरात आणखी एक महिना मुदत वाढवली, तीही मॅनेजरने रदबदली केली म्हणून. मयूराने नोकऱ्यांच्या जाहिराती बघायला सुरुवात केली होती, तिकडे लांब टूवूंबा गावच्या एका हॉस्पिटलमध्ये आयटीची जागा आहे, तिथे जायचं का, असं मला विचारत होती. मी म्हटलं, अगं, ओळख ना पाळख, पोरीची शाळा, वेडी आहेस का? पण मनातून मलाही वाटत होतं, जावंच लागणार.

जानेवारीच्या शेवटी, बेचाळीस डिग्रीच्या एका दुपारी, पत्र आलं. मंजूर.

मयूरा अनवाणी माझ्याकडे धावत आली, तापलेल्या काँक्रीटवरून. मी तिला मिठी मारली आणि आम्ही दोघी बायका अंगणात मोठमोठ्याने रडलो. समोरचा इटालियन म्हातारा ओरडून विचारायला लागला, "एव्हरीथिंग ओके, लव्ह?" मी शिरा केला. श्रीनिवासने अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मीही डोकावले. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं. नीट काम कर. देश आहे तो तुझा." स्वच्छ आवाजात म्हणाले, शाळेत म्हणावं तसं. मग अनुष्काला पाढे विचारले. सगळे हसलो.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालत होते. श्रीनिवास कुंपणापाशी आला. गळ्यात नव्या कार्डाची पट्टी नव्हती, ऑफिसचा दिवस नव्हता, पण अंगात इस्त्रीचा शर्ट होता. ते बघून मला गॅरेजमधली गाडी आठवली.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. गावी जिल्हा परिषदेची निवडणूक झाली." तो कुंपणाच्या फळीवरचं नखाने काहीतरी खरवडत होता. "अंजू चिठ्ठ्या वाटायला आली होती. अण्णांनी घेतली आणि सवयीने विचारलं, दुसरी कुठाय? ती म्हणाली, गुरुजी, नाव तुम्हीच तर वगळायला लावलंत."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. "मग? मतदानाला गेले ना?"

श्रीनिवासने नकारार्थी मान हलवली.

"पन्नास वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं त्यांनी, ताई. या वेळी गेले नाहीत. म्हणाले, एकट्याने काय जायचं."